जीवखडा

दहाव्या दिवशी निर्गुडा नदीत जीवखडा सोडायला निशिगंधा वाकली आणि तिचा हात तसाच थांबला. दहा दिवस ज्या दगडात बाबांचा जीव मानला, त्याची माती आता धुऊन निघाली होती. खाली एकाच दिशेने गेलेले सरळ, समांतर ओरखडे दिसत होते.

"नानाजीकाका, हा कुठून उचललात?"

"मसणातूनच. पायाखाली होता. काहून?"

"हे ओरखडे बर्फाचे आहेत. तीस कोटी वर्षांपूर्वी इथे हिमनदी होती. तिने घासत आणलाय हा."

काका तशातही हसले. "आपल्या वणीत बर्फ फक्त रसवंतीत रायते, पोरी. दादासारखीच बोलून राह्यली तू. मंग गेली कुठं थे नदी?"

"हवा तापत गेली, तशी मागे हटली. त्या जागी जंगल आलं, त्याचा कोळसा झाला. बाबांनी राजूरच्या खाणीत जन्मभर तोच काढला."

"बरं, सोड आता. ठेवून घेतला त दादाचा जीव अडकून राहीन."

तिची मूठ उघडेना.

काकांनी वाकून ते ओरखडे बोटाने चाचपून पाहिले. "इतक्या दुरून आणला, त जाताना संगं काहून नाही नेला?"

"हिमनदी मागे हटते तेव्हा दगड नेत नाही, काका. आहे तिथेच ठेवून जाते."

क्रिया सांगणाऱ्या महाराजांची पाठ वळताच काकांनी काठावरचा एक साधा खडा उचलून तिच्या दुसऱ्या हातात दिला.

"हा सोड. दादा तुह्यासाठी थो ठेवून गेला."