बालचित्रपट कार्यशाळेतला कॅमेरा

"हसा! अहं, इतकं नाही. नुकतंच काहीतरी शिकल्यासारखं हसा," दिग्दर्शक म्हणाले. बालचित्रपट कार्यशाळेत सातवीची मुलं सकाळपासून शिकल्यासारखं हसत होती आणि दिग्दर्शकांचा माणूस ते आपल्या कॅमेऱ्यात टिपत होता. पुढच्या शाळेला जाहिरात म्हणून दाखवायला लागतं.

हेमांगीनं मात्र खरंच एक चित्रपट मनात रचून आणला होता. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर होणारी भांडणं. फक्त कॅमेरा मिळायला हवा होता.

दुपारी तो एकदाचा तिच्या हातात आला. तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"सर, हा चालूच होत नाहीये."

"बॅटरी नाहीये गं त्यात. तू नुसता डोळ्याला लाव."

"मग माझा चित्रपट?"

"पुढच्या वर्षी नक्की!"

हेमांगीचे डोळे भरून आले. वर्गाच्या बाई तिच्याकडे निघाल्या, तर दिग्दर्शकांनी हात आडवा घातला. त्यांचा माणूस एव्हाना गुडघ्यावर बसून चित्रण करत होता.

"अप्रतिम!" दिग्दर्शक त्याला कुजबुजले. "खाली लिही, कॅमेरा पहिल्यांदा हाती आला तेव्हाचे आनंदाश्रू." मग ते हेमांगीकडे वळले. "बाळा, पुसू नकोस हं इतक्यात. डावीकडून एक घेऊ."