तुटलेली मूठ

नीलाबाईंच्या हातून सुरी फरशीवर पडली आणि लाकडी मुठीचे दोन तुकडे झाले. ते घेऊन त्या कामतघरला सनाच्या दुकानात आल्या. सनाचा नवरा मुआज लाकडात रेझिन मुरवून अशा मुठी बनवायचा; ही मूठही त्याच्याच हातची. तो वारल्यापासून दुकान सनाच चालवत होती.

"रेझिनने लाकूड कडक होतं, बाई, पण आपटलं की तुटतं," सना म्हणाली. "ही इथेच राहू द्या, नवीन सुरी घेऊन जा."

"अगं, नुसती चिकटवून दे. नवीन कशाला?"

"नको, बाई. घेऊन जा."

नीलाबाई गेल्यावर सना ते तुकडे जुळवून हातात धरून बसली.



गिऱ्हाइकाला आवडली की मुआज घरातली सुरीसुद्धा काढून द्यायचा. त्याच्या हातची एकही तिच्याकडे उरली नव्हती.