पांढरी चौकट

माझ्या बहिणीनं, लॉर्नानं, आईचं सॅगिनॉचं घर मला न विचारता विकलं. मग कॉम्प्युटरवर संसार थाटायचा तो जो खेळ मी खेळते, त्यात मी ते घर जसंच्या तसं पुन्हा बांधलं, आणि खेळणाऱ्या सगळ्यांना फुकट देऊन टाकलं.

काल लॉर्नाचा फोन आला. "लाज नाही वाटत, ट्रूडी? आईच्या घरात जगभरातली परकी माणसं घुसवलीस."

"तू ज्या परक्यांना विकलंस, त्यांनी ते पाडलं. ही निदान राहतायत तरी."

तिचा आवाज चढला. "मी पण डाउनलोड करून घेतलं ते घर. खोली न् खोली फिरले. दर वाढदिवसाला आई आपल्याला स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीनं उंचीची खूण करायची. परड्यातला मोडका झोपाळासुद्धा केलास, आणि नेमक्या त्या खुणाच खाल्ल्यास?"

"मी नाही खाल्ल्या. ती चौकट तुझ्या जाहिरातीतला फोटो समोर ठेवून केलीय. घर विकायच्या आधी तू तिला जो पांढरा रंग मारून घेतलास ना, तोच मारलाय."