एका प्रवाशामागे एक

मनिलाच्या विमानतळावरची गर्दी हटवायला साहेबानं फलक ठोकला: एका प्रवाशामागे सोडायला एकच माणूस. साहेब स्वतः प्रवासाला निघाला की मागे दहा चमचे, ते वेगळं.

जीपनीतून सतरा जण उतरले. कुवेतला निघाली होती एकटी लिगाया.

"एकच जण आत! बाकीचे मागे फिरा!" दारावरचा पहारेकरी फर्मिन खेकसला.

"मेल्या, मला मागे फिरवतोस?" आजी कडाडली.

"जीपनी माझी, डिझेल माझं. मीच जाणार," काका म्हणाला.

"भांडू नका. माझा माणूस ठरलाय," लिगाया म्हणाली.

आशीर्वादासाठी तिनं वाकून फर्मिनचा हात कपाळाला लावला. "साहेबानं तुमची रजा नाकारली ते बरंच झालं, बाबा. चला, दोन पावलं मला सोडायला."