चौथं कडवं

“रूथ, चौथं कडवं इसरलीस गं.” लेकीला मूठमाती देऊन परतताना याकोब पाळक बायकोला हळूच म्हणाले होते. “हं, इसरले,” एवढंच ती म्हणाली होती. त्याला एकेचाळीस वर्षं झाली.

तेव्हापासून घाटनांदुरातल्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रत्येक मयताला तेच गीत रूथबाईंनीच धरलं. दीडशे वर्षांपूर्वी कुण्या पाळकानं दुष्काळात आपली दोन लेकरं पुरून लिहिलेलं ते गीत, ओवीच्या चालीचं. बाई तिसऱ्या कडव्याला थांबायच्या, मग सगळेच थांबायचे. मंडळीला ते तीन कडव्यांचंच पाठ झालं.

आज खुद्द याकोब पाळकांना माती देतानाही गीत तिसऱ्या कडव्याला थांबलं. शहरातून आलेले नवे पाळक मात्र पुस्तकात बघून एकटेच पुढं गात राहिले, “दिलेस तूच, नेलेस तूच, माझी काही तक्रार नाही.”

“पाळकसायेब, संपलं की हो कवाच,” हनोख म्हातारा कुजबुजला. “तुमच्या पुस्तकात वाढवलंय कुणीतरी.”

पाळक गोंधळून रूथबाईंकडं वळले. “आजी, हे कडवं आहे ना? तुम्ही धरा, सगळे म्हणतील.”

गुडघे धरत रूथबाई खड्ड्याच्या कडेला बसल्या आणि मूठभर माती नवऱ्याच्या पेटीवर अलगद सोडली.

“आवं,” त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, “मी इसरले न्हवते. माझी तक्रार हाय.”