डोळ्यांवरची लोकर

"पुन्हा म्हण," थोरली म्हणाली.

धाकट्या बहिणीने भाजी चिरता चिरता म्हटलं, "पुल द वूल ओव्हर समवन्स आइज. म्हणजे काय गं ताई?"

थोरली शाळेत इंग्रजीच शिकवायची. "म्हणजे एखाद्याला मायेनं जपणं. झोपलेल्या माणसावर आपण शाल ओढतो ना, तसं. मुलाखतीत आवर्जून वापर. नर्सच्या तोंडी शोभून दिसेल."

धाकटीला ते भलतंच आवडलं. मग घरभर तिचा तोच जप. बाबांची कूस बदलताना, त्यांची पाठ पुसताना ती तेच घोकायची. बाबा अंथरुणाला खिळलेले. थोरलीने हात लावला की कळवळायचे. धाकटीच्या हाताला मात्र हूं की चूं करायचे नाहीत. परदेशातल्या हॉस्पिटलने तिला निवडलं, तर हे सगळं थोरलीच्या गळ्यात पडणार होतं. "जाऊ नकोस" म्हणायची मात्र तिला लाज वाटत होती. "खुशाल जा, मी आहे ना बाबांना," असं सगळ्या नातेवाइकांसमोर तीच म्हणून बसली होती.

मुलाखतीहून धाकटी परतली ती डोळे सुजवूनच. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "ताई, माझं हसं झालं गं. मी पेशंटच्या डोळ्यांत धूळ फेकीन, असं सांगून आले मी! त्याचा अर्थ तो होता. सगळे हसायला लागले आणि माझी बोबडीच वळली. पुढचं एक उत्तर धड देता आलं नाही. नको म्हणाले मला."

हायसं वाटेल असं थोरलीला वाटलं होतं. तसं काहीच वाटलं नाही. आई गेल्यापासून या पोरीची वेणीफणी तिनेच केली होती. आपण हे काय करून बसलो, म्हणून तिला रडू कोसळायचंच बाकी होतं.

"अगं, ते मी..." तिने तोंड उघडलं.

"तुला नाही हं बोल लावत," धाकटी घाईने म्हणाली. "एक बाई विचारत होत्या, कोणी शिकवलं म्हणून. मी म्हटलं, माझी ताई इंग्रजीची टीचर आहे, ती चुकायची नाही. माझ्याच ऐकण्यात गडबड झाली असेल. झाली ना गं?"

आतून बाबांनी धाकटीला हाक मारली. ती डोळे पुसत वळली.

"हो," थोरली म्हणाली. "तू कधी नीट ऐकतच नाहीस."