पहिलं जाळं

नानांच्या होडीचं इंजिन इतकं म्हातारं होतं की ती मासळीपर्यंत पोचायची तेव्हा इतरांची जाळी भरून वर आलेली असायची. एकदा तरी पहिलं जाळं आपलं पडावं, म्हणून पाण्याखालचे मासे हलताना दाखवणारं सोनार घ्यायला ते मेव्हण्याला घेऊन दुकानात गेले. मोठा पडदा नको, शेजारचा डोकावेल. वाजणारं नको, लोक कान टवकारतील. दुकानदार रडकुंडीला आला. मेव्हण्याचा मात्र एकच धोशा, "भावोजी, हात आखडू नका. सगळ्यात लांबचं दाखवणारं घ्या!"

दुसऱ्या दिवशी पडद्यावर माशांचा मोठा घोळका दिसला. नानांनी इंजिन बंद केलं आणि घाईघाईने जाळं उचललं. तेवढ्यात मागच्या होड्या भरधाव आल्या आणि नानांच्या चहूबाजूंनी जाळी पडलीसुद्धा. सगळ्यांत पुढे मेव्हणा होता.

"मेल्या, गुपचूप तूही सोनार घेतलंस होय?" नाना कडाडले.




"मला कशाला हवं, भावोजी? तुमची होडी थांबली की आम्हा सगळ्यांना मासा दिसतो!"